आनंदवल्लीचा घास

"दोन ओळी लिहूनु द्या, अण्णा. तुमच्या हातानं झालं म्हणूनु, येवढंच. गुरुक्कळ लेखी मागतात."

धनलक्ष्मीनं पिशवीतून घडी घातलेला कोरा कागद काढला आणि सीतारामरावांच्या पुढ्यात ठेवला. कागदसुद्धा तिनं गावाहून आणला होता. सरकारी कागद आपल्यापायी खर्च होऊ नये इतकी ती सरळ बाई. सीतारामरावांनी कागदाकडे पाहिलं, टाकाकडे पाहिलं, आणि मग काही कारण नसताना टेबलाचा खण उघडून पुन्हा लावला.

"प्रतिष्ठा कधी आहे, अम्मा?"

"परवा, शुक्रवारी. जुनी सरकार सोडत नाही, म्हणूनु स्वामिमलैहूनु नवी मूर्ती आणवली. कलशातल्या आनंदवल्ली अम्माला तिच्यात बसवायचं. प्रतिष्ठा करायला येणारे पापनाशमचे वैद्यनाथ गुरुक्कळ म्हणतात, जुन्या मूर्तीतनं तिला कोणी काढलं ते मज कळलं पाहिजे. मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ते वेदान्ती ना, मग काळजी नाही."

सीतारामरावांनी कागद हातानं सारखा केला.

ते या मूर्तिभांडाराचे कारकून. तंजावरच्या जुन्या खंदकाशेजारी एका पडीक छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, चार खोल्यांना लोखंडी जाळ्या बसवून सरकारनं हे भांडार थाटलं होतं. खेड्यापाड्यांतल्या देवळांतून मूर्ती चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा ज्या देवळांना धड दार नाही तिथले देव उचलून इथं आणायचे, उंची-वजन लिहायचं, मनगटाला पुठ्ठ्याचा नंबर बांधायचा आणि कुलूप लावायचं, हे सीतारामरावांचं काम. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, कारण मूर्तीत देव असतो हे त्यांना मान्यच नव्हतं. दर रविवारी मेलवीदीतल्या सभेत ते निर्गुणावर बोलत. ज्याला रूप नाही, नाव नाही, भूक नाही, त्याला तुम्ही न्हाऊ काय घालता आणि जेवू काय घालता, असा त्यांचा सवाल असे. त्यांची बायको विशालाक्षी घरात देवपूजा करायची आणि हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे. भांडण नव्हतं. तिचा देव तिच्यापाशी आणि यांचं ब्रह्म यांच्यापाशी, असा तीस वर्षांचा समझोता होता.

पाच वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली, धनलक्ष्मीच्या गावची आनंदवल्ली आणायला ते लॉरी घेऊन गेले होते. पापनाशमच्या पलीकडे कालव्याच्या काठी सात-आठ मराठी घरं आणि एक देऊळ. चोरांनी दोनदा दार फोडलं होतं, म्हणून सरकारचा हुकूम निघाला होता. गावाची ना नव्हती. अट एकच होती, आणि ती रास्त होती. आधी कलाकर्षण करा. म्हणजे मूर्तीतलं देवीचं तेज मंत्रानं कलशातल्या पाण्यात काढून घ्या. कलश गावात राहील, मूर्ती खुशाल न्या. नाहीतर कुलपाआड देवी उपाशी राहायची.

पण ते करणार कोण? देवळाचे पुजारी अप्पाजी, धनलक्ष्मीचे सासरे, तापानं फणफणलेले. दुसरा जाणकार कुंभकोणहून यायला दोन दिवस. आणि लॉरीचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी भोंगा वाजवत होता. बायका लॉरीपुढे बसून राहिल्या. तेव्हा सीतारामराव म्हणाले, "मी करतो. मज येतं."

येत बिलकूल नव्हतं. त्यांनी कालव्याचं पाणी कलशात भरलं, दर्भ नाही म्हणून गवताची काडी घेतली, डोळे मिटले आणि पाठ होते ते वेदान्ताचे श्लोक पुटपुटले. त्यात लबाडी आहे असं त्यांना त्या दिवशी वाटलंही नाही. पंचलोहाच्या पुतळीतून काढायचं काय आणि पाण्यात घालायचं काय? लोकांच्या मनाचं समाधान झालं, पुरे. नारळ ठेवून कलश त्यांनी धनलक्ष्मीच्या हातात दिला. निघताना अप्पाजींनी अंथरुणावरून विचारलं होतं, "नीट झालं ना, बाबा?" आणि सीतारामरावांनी "झालं" म्हणून सांगितलं होतं. त्याच तापात चौथ्या दिवशी अप्पाजी गेले. इकडे नोंदीच्या कागदावर, 'कलाकर्षण झाले काय?' या प्रश्नापुढे सीतारामरावांनी स्वच्छ अक्षरात 'होय' लिहिलं. नंबर एकशे सतरा.

"लिहिता ना?" धनलक्ष्मी म्हणाली. "बाराची बस गेली तर पुढची तीनला."

"साहेबांना विचारूनु येतो," म्हणून सीतारामराव उठले. विचारायचं असं काही नव्हतं. त्यांना तिच्या समोरून उठायचं होतं.

साहेब म्हणजे राजगोपाल, पस्तिशीचा हुशार तमिळ गृहस्थ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे सीतारामरावांनी जितकं सांगितलं तितकं.

"द्या की लिहून," तो म्हणाला. "आपल्या नोंदीत 'होय' आहे ना? मग 'होय' लिहा. त्यांचा सोहळा पार पडेल, तुम्ही चार महिन्यांनी सुखानं रिटायर व्हाल. यात अडचण कसली?"

अडचण काहीच नव्हती. सीतारामराव परत टेबलाशी आले, त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि 'मी, खाली सही करणार' इथपर्यंत लिहिलं. तिथं टाक थांबला. एका खोट्यावर पाच वर्षं निभावली, आता फक्त दोन ओळींचा प्रश्न होता. पण त्या दोन ओळींवर एक गाव परवा नवी मूर्ती बसवणार होतं, आणि मग कालव्याच्या पाण्यानं न्हाऊन निघालेली ती मूर्ती पिढ्यान्पिढ्या पुजली जाणार होती.

"तोवर एकदा बघूनु घेऊ का तिला?" धनलक्ष्मीनं विचारलं. "म्हणजे नुसतं लोह. आता अम्मा नाही त्यात, ठाऊक आहे मज. पण लग्न होऊनु आले तेव्हापासूनु तेच तोंड बघितलं."

नाही कसं म्हणणार? सीतारामराव किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे झाले.

तिसऱ्या खोलीत जाळीच्या कपाटात खालच्याच फळीवर आनंदवल्ली उभी होती. हात-सव्वा हात उंच, कंबरेत किंचित कललेली, उजव्या हातात फूल धरायची पोकळी आणि त्याच मनगटाला पुठ्ठा. धनलक्ष्मी तिच्यासमोर उभी राहिली. तिचे हात जोडायला म्हणून वर आले, अर्ध्यावर थांबले, आणि तिनं ते पदरात गुंडाळून घेतले. रिकाम्या मूर्तीला नमस्कार करायचा नसतो, आणि मूर्ती रिकामी आहे हे तिला सीतारामरावांनीच सांगितलं होतं. त्यांच्या शब्दाखातर ती आपल्या देवीपुढे परक्यासारखी उभी राहिली होती. ते सीतारामरावांना पाहवेना.

"अण्णा," ती खाली वाकली, "इथं मुंग्या कशा?"

कपाटाच्या पायाशी दगडी कट्ट्यावर मुंग्यांची ओळ लागली होती. कालच्या भाताची दोन वाळकी शितं त्या ओढून नेत होत्या.

"चित्राहुतीची शितं," सीतारामराव म्हणाले. "मी दुपारी इथं बसूनु जेवतो. गार असतं म्हणूनु."

हे खोटं नव्हतं. जेवायच्या आधी पानाबाहेर भाताचे चार घास ठेवायची रीत त्यांनी मुंजीपासून पाळली होती. फक्त त्या चित्राहुती डब्याच्या उजव्या अंगाला न ठेवता ते एकशे सतरा नंबरच्या पायाशी ठेवत. आणल्यापासून आठव्या दिवशी सुरुवात झाली. त्या दुपारी घास हातात घेतल्यावर त्यांना एकदम वाटलं, की आपण हिला काढलंच नाही, मग ही आतच असणार, आणि आठ दिवसांची उपाशी असणार. छे, काहीतरीच, असं म्हणून त्यांनी स्वतःला दटावलं आणि दटावता दटावता घास तिच्यापुढे ठेवला. पाच वर्षांत एक दिवस खाडा झाला नाही. रविवारी सभेत निर्गुणाला भूक नसते हे सांगता सांगता त्यांची जीभ अडखळायची, आणि सभा संपली की कुलपं तपासायच्या निमित्तानं ते खंदकाकडे वळायचे. खिशात केळीच्या पानात बांधलेला मूठभर दहीभात असायचा. विशालाक्षीनं कधी विचारलं नाही. शनिवारी रात्री ती मुकाट्यानं थोडा भात जास्त लावायची.

धनलक्ष्मी त्या शितांकडे बघत राहिली. मग मान वर करून त्यांच्याकडे बघू लागली.

"अम्मा," सीतारामराव म्हणाले, "ती आतच आहे. मी तिला काढलं नाही. मज येत नव्हतं."

बाहेर रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. धनलक्ष्मी खाली फरशीवर बसली.

"कलशात मग काय आहे?"

"कालव्याचं पाणी."

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि चढला असता तर बरं झालं असतं असं सीतारामरावांना वाटलं.

"घरचे यजमान गेले तेव्हा त्या कलशापुढे बसूनु रडले मी. मुलीला मूल होईना, ते त्याला सांगितलं. दर शुक्रवारी तांदळाची पायसं केली. अण्णा, पाच वर्षं मी कोणाशी बोलले?"

उत्तर सीतारामरावांच्या जिभेवर तयार होतं. तीस वर्षं दर रविवारी ते तेच सांगत आले होते. जे मूर्तीत आहे तेच कालव्याच्या पाण्यात आहे, अम्मा, तेच तुझ्यात आहे, तू कुठंही बोललीस तरी त्यालाच पोचलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंही होतं. पण या घडीला ते बोलणं म्हणजे ब्रह्माच्या आड लपणं होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या ज्ञानाची लाज वाटली.

"मामंजींनी विचारलं होतं तुमास," धनलक्ष्मी म्हणाली.

"हो. झालं म्हणूनु सांगितलं मी."

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. तिनं जाळीला कपाळ टेकलं आणि देवीशी काहीतरी हलक्या आवाजात बोलली. मग दोन्ही हात जोडले. ते मघाशी अर्ध्यावर राहिलेले हात होते.

"काय घालत होता तिला?"

"तैरसादम. डब्यात असतं ते. दहीभात."

"मीठ घालूनु?"

"घालूनु."

"हं," ती म्हणाली. "तिला मीठ थोडं कमी लागतं." आणि उठली. "लेखी नको मज आता. परवा सकाळी गुरुक्कळांना घेऊनु येते. साहेबांना तुम्ही सांगा."

राजगोपालला सांगायला सीतारामरावांना पुढची पंधरा मिनिटं लागली. त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो, खोटी नोंद केली असं स्वतः लिहून देणार? चार महिने राहिलेत तुमचे. मला वर कळवावं लागेल. चौकशी बसेल, पेन्शन अडकेल. आणि कशासाठी? तुम्ही तर मूर्ती मानत नाही."

"मानत नाही," सीतारामराव म्हणाले, "पण नोंद खोटी आहे." त्यांनी एकशे सतरा नंबरचा कागद पुढे ओढला, 'होय' वर एक रेघ मारली, शेजारी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. 'होय' सारखंच ते अक्षरही स्वच्छ आलं.

शुक्रवारी सकाळी वैद्यनाथ गुरुक्कळ आले. त्यांनी सीतारामरावांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मूर्तीच्या हातापासून कलशापर्यंत सूत बांधलं, दर्भाची जुडी धरली आणि तासभर मंत्र म्हटले. सीतारामराव दाराशी उभे होते. त्यांना वाटलं होतं, काही दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. दिसलं ते इतकंच, की शेवटी सूत सोडताना धनलक्ष्मीनं कलश दोन्ही हातांनी असा अलगद उचलला, जणू नुकतंच झोपलेलं मूल उचलावं.

ते बसपर्यंत तिच्या मागे मागे गेले. तिनं त्यांना प्रतिष्ठेच्या पंगतीला बोलावलं नाही, आणि बोलवावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. खिडकीशी बसून तिनं कलश मांडीवर घेतला, पदरानं झाकला. बस सुरू झाल्यावर तिनं मान बाहेर काढली.

"काल दुपारी घातलं होतं ना तिला?"

"घातलं. मीठ कमी घालूनु."

तिनं मान हलवली. बस पापनाशमच्या रस्त्याला लागली.

दुपारी सीतारामराव नेहमीसारखे तिसऱ्या खोलीत जाऊन बसले. बाहेर त्यांच्या टेबलावर वरच्या कचेरीचा लखोटा येऊन पडला होता, खुलासाच मागितला असणार; तो त्यांनी उघडला नव्हता. डबा उघडला, भोवती पाणी फिरवलं, भाताचा घास बोटांत घेतला आणि समोर पाहिलं. हात-सव्वा हात उंच पंचलोह. मनगटाला पुठ्ठा, त्यावर एकशे सतरा. तीस वर्षं ते जे सांगत आले तेच समोर उभं होतं, आणि खोलीत त्यांच्याशिवाय कोणीही नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं.

घास हातातच राहिला. कट्ट्यावर मुंग्या आपल्या वेळेला आल्या होत्या आणि रिकाम्या दगडावर घोटाळत होत्या. सीतारामरावांनी तो घास त्यांच्यापुढे ठेवला आणि न जेवताच डब्याचं झाकण लावलं.