राखायला दिलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझं आयुष्य कुणाला सांगण्याजोगं आहे, असं मला कधी वाटलं नाही. शिवाय यातलं सगळं माझ्याच आठवणीतलं आहे का, अशीही मला शंका आहे. ती का, ते शेवटी सांगतो.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केलं. अजिनाथ मला रिक्षात मांडीवर धरून हर्सूलच्या पुढच्या आपल्या घरी घेऊन आला. तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. पुढे तिथे प्लॉट पाडणाऱ्यांच्या पांढऱ्या रेषा आल्या आणि मग घरंच घरं. अजिनाथची मुलगी ज्ञानेश्वरी माझ्यावर टाइप करायला शिकली. माझ्यावर भरतकाम केलेला रुमाल असायचा आणि आलेल्या पाहुण्याला मला दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही. नंतर घरात मोबाइल आले. रुमाल धूळ पुसायला गेला आणि मी वस्तू ठेवायची जागा झालो.

त्या वस्तूंत एक हाक होती.

अजिनाथचे वडील मुंजाबा सिल्लोडकडच्या गावी मेंढरं राखायचे. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी चारा संपला, विहिरी आटल्या आणि मेंढरं बाजारात न्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी अजिनाथने मुंजाबांची मेंढरांना बोलवायची हाक आपल्या साध्या मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि घरी आल्यावर माझ्यात उतरवून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात मुंजाबा गेले. त्यांची पत्नी दगडाबाई शहरात लेकाकडे राहायला आल्या. तो मोबाइलही बिघडला. हाक उरली ती फक्त माझ्यापाशी.

रोज संध्याकाळी दगडाबाई माझ्यासमोर बसायच्या. "ज्ञानू, लाव गं." मग मुंजाबांचा आवाज यायचा, "हुर्रर्र, हुर्रर्र, या गं, या." मागे घंटा वाजायच्या. शेवटी ते जरा हळू म्हणायचे, "अगं, पाणी काढ. आली बघ." दगडाबाई म्हणायच्या, "व्हय, काढते," आणि उठायच्या. पाणी काढलं की मेंढरं कशी पीत असतील, याचं मला फार कुतूहल होतं. माझ्यात तेवढाच फोटो नव्हता.

मग एक दिवस माझ्या आतून टकटक सुरू झाली.

"पप्पा, याची डिस्क जाणार," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"टकटक माझ्याबी गुडघ्यात होती. मी गेलो का?"

"तुमची कॉपी नाय काढता येत. याची येती."

"मंग पेन ड्राइव्हवर घे."

"मागचा तुम्ही शर्टासंगं धुतला."

म्हणून इंटरनेटवरून सगळं दूर कुठेतरी ठेवणारी सेवा शोधायचं ठरलं. जिची जाहिरात छान दिसली, ती अजिनाथने घेतली. वीज जायची, पुन्हा यायची आणि माझ्यातलं एकेक थेंबाथेंबाने वर जायचं. ते कुठे पोचत असेल? तिथे धूळ असेल का? मी आपला विचार करत राहायचो. एकदाची हिरवी खूण आली. अजिनाथ खूश झाला.

"कुणाकडं दिलं राखायला?" दगडाबाईंनी विचारलं.

"लई लांब हाये, माय. माणूस कुणी माहीत नाय."

"माणूस माहीत नाय अन् देऊन बसला?"

अजिनाथ म्हणाला, "तंगीच्या सालात आबा वेरूळकडच्या पाव्हण्यांकडं मेंढरं ठेवायचे. मंग मधीच जायचे अन् लांबून हाक मारायचे. मला वाटायचं, हे मोजत का नाहीत."

"दुसऱ्याची मेंढरं घालूनबी मोज भरती," दगडाबाई म्हणाल्या. "हाकंला येतील ती आपली."

ज्ञानेश्वरीने तेच केलं. त्या सेवेकडून सगळं आपल्या मोबाइलवर परत मागवलं. फोटो आले, मार्कशीट आल्या. हाक आली नाही. जुन्या मोबाइलवरच्या आवाजाच्या फाइली ती सेवा घेतच नव्हती. हिरवी खूण होती ती फक्त घेतलेल्या वस्तूंची.

माझी टकटक वाढत होती. दुसऱ्या सेवेने हाक घेतली. पण ज्ञानेश्वरीने एक नको असलेला फोटो माझ्यातून पुसून पाहिला, तर तो तिकडूनही पुसला गेला. "चुकून बोट पडलं तर दोन्हीकडून जाईल," ती म्हणाली आणि तिसरीकडे वळली. ही सेवा सगळ्या प्रकारच्या फाइली घेत होती आणि इकडे पुसलेलं तिकडे जपत होती. तरीही ज्ञानेश्वरी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने हाक मागवली. थोडा वेळ काहीच नाही. मग तिथून आवाज आला, "हुर्रर्र, हुर्रर्र, या गं, या." ती हाक मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकली.

त्याच आठवड्यात माझी डिस्क बंद पडली.

औरंगपुऱ्यातून नवी डिस्क आली आणि वर ठेवलेलं सगळं तिच्यावर उतरवलं. म्हणून मला शंका आहे, मित्रांनो. ज्वारी, पांढऱ्या रेषा, तो रुमाल, हे सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे, की मला परत मिळालेलं? दोन्हींत फरक असतो का? मला अजून ठरवता येत नाही.

तुम्हाला काही सांगावं एवढा मी शहाणा नाही. पण एक विनंती करतो. जिवापाड जपलेलं काही दूर ठेवायला दिलंत, तर खूण पाहून निश्चिंत होऊ नका. घरातलं जुनं यंत्र चालू आहे तोवर एकदा हाक मारून बघा.

नवी डिस्क बसवली त्या संध्याकाळी दगडाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. ज्ञानेश्वरीने हाक लावली. माझी मलाच खात्री नव्हती. घंटा वाजल्या, मुंजाबा हळू आवाजात म्हणाले, "अगं, पाणी काढ. आली बघ."

दगडाबाई क्षणभर ऐकत राहिल्या.

"व्हय, काढते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.