ओल्या पुठ्ठ्याचा वास

"समुद्र माणसाला त्याची लायकी दाखवतो आणि वाइन ती विसरायला मदत करते. ज्या जहाजावर वाइन जाणणारा माणूस नाही ते जहाज नव्हे, तो नुसता तरंगता धक्का होय."

हे उद्गार नाकरावांनी बटाट्यांच्या कोठीत काढले. श्रोते म्हणून बटाट्यांची अकरा पोती, कांद्यांची चार आणि मी. कंपनीच्या पाहणीबाईंसमोर हे भाषण करायचं होतं, त्याची ही तालीम. वाक्य संपवून त्यांनी दाद घ्यायला डोळे मिटले, तेवढ्यात जहाज डावीकडे कललं, वरच्या फळीवरचं एक पोतं सुटलं आणि बटाटे त्यांच्या चकचकीत बुटांवरून गडगडत दाराशी गेले. दारात त्यांचे साडू, म्हणजे आमचे हेडवेटर, उभे होते. त्यांनी एक बटाटा उचलला, बाहीला पुसला आणि लांब श्वास घेऊन हुंगला.

"बटाटाच आहे," ते म्हणाले. "बघा साडूभाऊ, तज्ज्ञ न लावता ओळखला."

मी त्या जहाजावर मेनूकार्डं छापत असे. छपाईची खोली या कोठीला लागून होती, त्यामुळे दोन्ही साडूंची भांडणं मला शाई वाळेपर्यंत ऐकायला मिळत. सहा वर्षांत एकदाही ती विषयाला धरून झाली नाहीत.

विषय दिसायला वाइनचा होता. नाकराव आमच्या भोजनगृहाचे वाइनतज्ज्ञ. गळ्यात साखळी, साखळीला चाखायची चांदीची छोटी वाटी, कमरेला वाइनच्या कपाटाच्या किल्ल्या. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती बाटली, हे ते पाहुण्यांना टेबलाशी वाकून सांगत. हेडवेटरांचं म्हणणं, जहाजावरच्या पाहुण्याला दोनच गोष्टी विचारायच्या असतात, लाल की पांढरी, आणि उद्या ऊन पडेल का. पहिलीला वेटर पुरेसा आहे आणि दुसरी नाकरावांनाही माहीत नसते.

पण खरी गोम जमिनीवर होती. दोघांच्या सासऱ्यांचं रंगाचं दुकान होतं. लग्नानंतर दोघेही तिथे राबले होते आणि दोघेही तिथून समुद्रात पळाले होते. आधी हेडवेटर, मग नाकराव. आता सासऱ्यांनी गुडघ्याचं कारण काढून पत्र धाडलं होतं. "दोघांपैकी ज्याची नोकरी आधी जाईल त्याने दुकानात यावे. घाई नाही. स्टूल तयार आहे." त्या स्टुलाला पाठ नव्हती, शेजारी सासऱ्यांची खुर्ची होती, आणि सासरे दिवसभर बोलत. त्यात कंपनीनं कळवलं की बाकीच्या जहाजांवर वाइनतज्ज्ञ काढून टाकलेत, तुमच्याकडे गरज आहे का ते बघायला पाहणीबाई येताहेत. त्या क्षणापासून ते स्टूल नाकरावांच्या स्वप्नात येऊ लागलं. हेडवेटर मात्र गाढ झोपत.

पाहणीबाई बंदरात चढल्या. एक बॅग, एक जाड वही. भाषण ऐकायला त्यांनी नकार दिला. "मी जेवण बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी भोजनगृहाचे दोन भाग करा. डावीकडे तज्ज्ञ वाढतील. उजवीकडे तज्ज्ञ नको. मी मध्ये बसते."

हेडवेटर तडक माझ्याकडे आले. त्यांची योजना साधी होती. पाच पदार्थ, पाच वाइन. कार्डावर पदार्थांना नंबर, उजवीकडच्या कपाटातल्या बाटल्यांच्या गळ्यात तेच नंबर लिहिलेले बिल्ले. एक नंबरच्या पदार्थाला एक नंबरची बाटली.

"वाचता आलं की झालं," ते म्हणाले. "यासाठी माणसाला गळ्यात वाटी बांधून फिरवायचं? गाईला घंटा बांधतात, ती निदान दूध देते."

"कोणत्या पदार्थाला कोणती, हे ठरवलं कुणी?" मी विचारलं.

"तुमच्या फाइलीत जुनी कार्डं नाहीत का? त्यांनीच लिहिलेली? त्यातून घ्या."

म्हणजे तज्ज्ञाची गरज नाही हे सिद्ध करायला तज्ज्ञाचीच यादी लागली. मी हे बोललो नाही. माझं काम छापायचं. एक सूप, दोन मासा, तीन कोंबडी, चार मटण, पाच चॉकलेटचा केक. बिल्ले हेडवेटरांनी स्वतःच्या हातानं बाटल्यांना बांधले, आणि एकेक गाठ बांधताना ते गुणगुणत होते.

चार वाजता मुख्य स्वयंपाक्याचा फोन आला.

"सूप गेलं."

"कुठे?"

"जमिनीवर. पातेलं कललं. सूप काढून टाक आणि नंबर नीट कर."

मी नंबर नीट केले. मासा एक, कोंबडी दोन, मटण तीन, केक चार. नवी कार्डं वाळत घातली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पदार्थ एकेक पायरी वर सरकलेत आणि बाटल्या आहेत तिथेच आहेत. पण बाटल्यांच्या गळ्यातले बिल्ले माझ्या खात्यात येत नव्हते. शिवाय सकाळीच हेडवेटर मला म्हणाले होते, "तुम्ही छापा, डोकं चालवायला आम्ही आहोत." मी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही.

सात वाजता जेवण सुरू झालं. मी जादा कार्डं घेऊन खांबाशी उभा होतो.

डावीकडे नाकरावांनी जीव ओतला. शेवटची संधी म्हणून त्यांनी सगळं ज्ञान एकदम बाहेर काढलं. कुठली द्राक्षं कुठल्या उतारावर वाढतात, उताराचं तोंड कुणीकडे असतं, पेल्याला हात कुठे लावायचा. खिडकीजवळच्या टेबलावर एक निवृत्त दंतवैद्य होते, त्यांनी विचारलं, "वाइन बिघडली हे ओळखायचं कसं?" नाकराव खुलले. सहा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"बुचामुळे कधी कधी बिघडते," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "मग तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हजारात थोड्याच बाटल्या. सामान्य नाकाला तो समजत नाही."

डावीकडे बसलेल्या साठ माणसांपैकी एकालाही आपलं नाक सामान्य आहे हे मान्य नव्हतं. साठच्या साठ नाकं पेल्यांत बुडाली. दंतवैद्यांना पुठ्ठ्याचा वास आला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांच्याहून जास्त आला. तिसऱ्या टेबलावर एक आजोबा म्हणाले, "ओला पुठ्ठाच. मी खोकी बनवायच्या कारखान्यात होतो." बाटल्या परत येऊ लागल्या. नाकराव वाटीत घेऊन चाखत होते, सगळ्या चांगल्या होत्या, पण आता तसं म्हणणं म्हणजे पाहुण्याचं नाक कापणं. त्यांनी चार बाटल्या बदलून दिल्या. बदललेल्यांपैकी दोन परत आल्या.

उजवीकडे माशाबरोबर सूपची वाइन गेली. कोंबडीबरोबर माशाची. मटणाबरोबर कोंबडीची, फिकी गुलाबी. केकबरोबर मटणासाठी ठेवलेली दाट काळपट लाल, जी प्यायल्यावर जीभ वाळत घातल्यासारखी होते. केकची गोड वाइन कपाटात शेवटपर्यंत पाच नंबर मिरवत उभी राहिली.

पहिलीच बाटली माशाशेजारी उतरली तेव्हा नाकरावांनी ती भोजनगृहाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी धक्का, मग हिशोब, मग असं काही समाधान की जणू सासऱ्यांचा गुडघा बरा झाला. ते काही बोलले नाहीत. ते वाट बघत राहिले, की आता उजवीकडे बोंब होईल.

उजवीकडे लोक जेवले. केक आणि लाल वाइन संपवून एका गृहस्थांनी वेटरला सांगितलं, असं काही आयुष्यात चाखलं नव्हतं. ते खरंही होतं. दोघातिघांनी कार्डं आठवण म्हणून खिशात घातली.

हेडवेटर मधोमध हात मागे बांधून उभे होते आणि डावीकडून परत येणाऱ्या बाटल्या मोजत होते. उजवीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, नाश्त्याची टेबलं आवरल्यावर, बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. एक माणूस गालिचा झाडत होता. बाईंनी वही उघडली.

"डावीकडे सहा बाटल्या परत. उजवीकडे एकही नाही."

हेडवेटरांनी मान इतकी नम्रपणे झुकवली की त्यांचं टक्कल दिसलं. "मी काय बोलू, बाई. साडूभाऊ शिकलेले आहेत. आम्ही फक्त वाढतो."

नाकरावांना मिरच्या झोंबल्या. त्यांनी हुकमाचं पान काढलं. "उजवीकडच्या चारही वाइन चुकीच्या होत्या," ते म्हणाले. "चारही. माशाला सूपची. केकला मटणाची. यांना पत्ता नाही. हे वाइनचे जाणकार."

हेडवेटरांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग बाईंनी विचारल्यावर सूपचं आणि नंबरांचं सांगितलं, कारण खोटं बोलायचा मला कंटाळा आहे.

हेडवेटर मात्र पंचवीस वर्षं पाहुण्यांत मुरलेले. ते लगेच सावरले. "तुम्हाला हे कधी कळलं, साडूभाऊ?"

"मासा वाढला तेव्हाच."

"तेव्हाच. आणि तुम्ही काय केलंत?"

नाकरावांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या.

"अहो सांगा ना. साठ माणसं चुकीची वाइन पिताहेत, वाइनचे तज्ज्ञ पंधरा पावलांवर उभे आहेत, आणि ते काय करताहेत? मजा बघताहेत. बाई, घर जळताना हात शेकणारा माणूस हा."

"आणि जळतंय ते आपलंच घर, हे ज्याला माहीत नाही, ते तुम्ही."

"मी वाढपी आहे. मला माहीत नसलं तर चालतं."

"तुम्हाला दुकानातही काही माहीत नसायचं. पहिल्याच दिवशी ओल्या भिंतीला टेकून बसलात. मागून निळे."

"निळा तुम्ही लावला होतात. आणि टेका म्हणालात. मोठा जावई म्हणून तुम्हाला स्टूल, मला भिंत. वयानं मी पाच वर्षं मोठा, पण बायको धाकटी केली म्हणून आयुष्यभर तुमच्यामागून ताट."

"मग जा ना परत. स्टूल रिकामं आहे."

"स्टूल तुमच्यासाठी आहे. सासऱ्यांनी पत्रात नाव घातलं नाही इतकंच. लाल रंगाच्या बारा छटा ओळखणारा माणूस त्यांना हवाच आहे. तिथे तरी कुणी डबा परत आणून पुठ्ठ्याचा वास येतो म्हणणार नाही."

झाडणारा माणूस झाडू थांबवून ऐकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्यानं झाडणं पुन्हा सुरू केलं, पण एकाच जागी.

बाईंनी दोघांना बोलू दिलं. दम संपल्यावर त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि आम्हाला वाचून दाखवल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"वाइनतज्ज्ञ. चूक ओळखतात, पण सांगत नाहीत. बरोबर असतं ते सांगून बिघडवतात. गरज नाही." त्यांनी पान उलटलं. "हेडवेटर. काल तीन तास मी यांना बघत होते. यांनी एकाही वेटरला एक शब्द सांगितला नाही, एका टेबलाशी गेले नाहीत, स्वतःच्या बाजूला पाहिलं नाही. वेटरांनी कार्ड वाचून सगळं केलं. गरज नाही."



"कार्डं यांच्याकडे राहू देत," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "बिल्लेही."

सासऱ्यांना एक जावई हवा होता, आता दोन मिळणार होते. स्टूल मात्र एकच. मला दिसत होतं की दोघांच्याही मनात त्या क्षणी तोच प्रश्न आला, स्टुलावर कोण आणि भिंतीला कोण. नाकरावांनी गळ्यातली वाटी काढून टेबलावर ठेवली. हेडवेटरांनी सवयीनं ती नॅपकिननं पुसली आणि सरळ ठेवली.

"मोठ्या जावयाचं स्टूल," नाकराव हळूच म्हणाले.

"बघू या," हेडवेटर म्हणाले. "माझा गुडघाही दुखायला लागलाय."

बाई निघाल्या होत्या. चार पावलांवर थांबल्या, मागे फिरल्या, वही पुन्हा उघडली. आम्हाला वाटलं, निकालात काही बदल. नाकरावांचा हात नकळत वाटीकडे गेला.

"रंगाचं दुकान म्हणालात ना?" बाईंनी विचारलं. "माझ्या स्वयंपाकघराची एक भिंत आहे, तिला ओल येते. पांढराच रंग द्यायचाय."

"पांढऱ्यात सतरा आहेत," दोघे साडू एकदम म्हणाले. सहा वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते अर्धा मिनिट टिकलं.

"मोतिया घ्या," नाकराव म्हणाले.

"ओलीत मोतिया? वर्षात पिवळा पडेल. बाई, चुनखडी पांढरा घ्या, यांचं ऐकू नका."

"चुनखडीला पापुद्रे सुटतात, हे ज्याला माहीत नाही त्यानं…"

"कुठलाही चालेल," बाई पेन काढत म्हणाल्या. "फक्त वास न येणारा बघा."