आरोहीची पावलं

साधनाबाईंच्या वर्गात फळ्यापेक्षा अंगणाला जास्त मान होता. बेरीज चिंचोक्यांची, भागाकार पेरूच्या फोडींचा, आणि लांबी मोजायची ती पावलांनी. इगतपुरीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या त्या वाडीवर बदली झाली तेव्हा बाईंनी नाक मुरडलं होतं. आता त्यांना आपल्या वर्गाचा अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी मुलांना झेंड्याच्या खांबापासून वरच्या हिरड्याच्या झाडापर्यंतचं अंतर मोजायला लावलं. टाचेला बोट लावून, एकेक पाऊल. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं आणि वर्गात भांडण जुंपलं. बाईंना हेच हवं होतं. मग सगळ्यांनी मिळून एक माप ठरवलं, तिसरीतल्या आरोहीचं पाऊल. तिच्या पावलांनी अंतर भरलं पंच्याण्णव. तेवढ्याच लांबीची नायलॉनची दोरी ताणून कापली, वर्गातल्या खिळ्याला टांगली आणि रंगीत तक्त्यावर उत्तर लिहिलं. केंद्रातल्या सगळ्या शाळांत त्या तक्त्याचा बोलबाला झाला.

श्रावणात केंद्रप्रमुख दीपक सर इतर शाळांचे शिक्षक घेऊन हाच पाठ बघायला येणार होते. म्हणून आदल्या दिवशी बाईंनी आरोहीकडून तालीम करून घेतली. कितीतरी दिवस पाऊस उघडला नव्हता. पोरगी चिखलातून टाच-बोट, टाच-बोट करत गेली आणि ब्याण्णववरच हिरड्याला टेकली. "बाई, झाड पुढं आलंय," ती म्हणाली.

पोरं हसली. बाईही हसल्या. झाड कुठे चालतं का, असं म्हणून त्यांनी तिच्या पायांतल्या पावसाळी बुटांकडे बोट दाखवलं. बूट लांब, म्हणून पावलं कमी. किती सोपं होतं. उद्या अनवाणी चाल, नीट मोज, उत्तर तक्त्यावर आहेच, असं त्यांनी बजावलं. आरोहीने मान हलवली. बाईंचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे व्हरांड्यात छत्र्या मिटून उभे राहिले. आरोही अनवाणी निघाली, पोरं एका सुरात मोजू लागली. बाई तिच्या शेजारून चालत होत्या. नव्वदच्या पुढे त्यांना दिसलं की पोरगी आता टाच बोटाला लावत नाही. पुढचं पाऊल ती मागच्या पावलाच्या निम्म्यावरच टेकवत होती. खाली मान घालून, जीभ दातात धरून, ती अंतर पुरवून पुरवून वापरत होती. पंच्याण्णवला तिचा हात हिरड्याला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

 बूट तर पायांत नव्हते. बाई वर्गात गेल्या, खिळ्यावरची दोरी काढली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं घेऊन हिरड्यापर्यंत आल्या. दोरी ताणली तरी हातभराहून जास्त उरली. उरलेलं टोक त्यांच्या मुठीतून खाली लोंबत राहिलं. झाडाच्या मागे गवतात एक लांबच लांब भेग होती आणि तिच्यात गढूळ पाणी बुडबुडत उतरत होतं. भेगेच्या खालच्या अंगाला, हिरड्याच्या ओळीतच, वाडीची घरं होती.

दीपक सरांनी चटकन कारण दिलं. ओली झाली की दोरी सैल पडते, मॅडम. साधनाबाईंना त्या आवाजात स्वतःचाच कालचा आवाज ऐकू आला. झाडासकट डोंगर सरकत होता; त्या वाद घालत बसल्या नाहीत. पोरं घाबरून घराकडे पळाली असती, तर ती नेमकी त्या भेगेखाली गेली असती. म्हणून त्यांनी टाळी वाजवून नवा खेळ सांगितला. आज शाळेपासून थेट डांबरी रस्त्यावरच्या मारुतीपर्यंत मोजायचं, हात धरून, कुणीही रांग सोडायची नाही. पाहुण्यांनाही त्यांनी रांगेच्या मागे चालायला लावलं. बाईंचा चेहरा बघून दीपक सर निमूट निघाले.

मुलं मोठ्याने मोजत उतरू लागली. अर्ध्या वाटेत आरोहीचे आजोबा, पुंजाराम, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन वर येताना भेटले. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि घाईघाईने, खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. "पोरगी काल घरी म्हनली व्हती, झाड पुढं आलंय. घराचं दारबी लागंना झालंय. म्या म्हनलं, रातच्याला समद्यांना घेऊन खाली देवळात जावं. बोचकीबी बांधली व्हती." त्यांनी ओला चेहरा पुसला. "मंग तीच म्हनली, आजोबा, बाई म्हंत्यात झाड कुठं चालतं का, माझीच मोजनी चुकली. बाई, तुमी शिकल्याली मानसं. म्हनून बोचकी सोडली."

 पुंजाराम खोळ टाकून वर वाडीकडे धावत सुटले, घराघराच्या नावाने हाका मारत. त्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेली धोंडाबाई होती, आरोहीची आजी.

रांग पुढे चाललीच होती. आरोहीने बाईंचा हात ओढला. "बाई, माझं बरोबर व्हतं का?"

"बरोबर होतं, बाळा. चूक माझी होती."

 पोरगी वर घराच्या दिशेने बघत म्हणाली, "मंग आजीला खाली कोन आननार?"

वर डोंगरात काहीतरी मोठं, जाड मोडल्याचा आवाज आला. मुलांचं मोजणं थांबलं, सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. साधनाबाईंनी आरोहीचा हात घट्ट धरला आणि पुढचा आकडा स्वतः मोठ्याने म्हटला.