ताईचे पथ्य

ताईने केकची बशी एका बोटाने टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत सरकवली आणि पिशवीतून आपला डबा काढला. डब्यात काकडीचे काप होते आणि उकडलेली अंडी. बाहेरचे खाणे इथे चालत नाही, हे वाक्य वाढप्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. शाळेच्या गणवेशांसाठी घाई करणाऱ्या आयांना ती आपल्या शिवणकामाच्या दुकानात याच नजरेने गप्प करीत असे. वाढपी दुसऱ्या टेबलाकडे वळला.

"शहरात येऊन काकडी?" समोर बसलेला धाकटा भाऊ म्हणाला. "काकडी काय आपल्या गावात पिकत नाही?"

"पिकते. पण तिथं मला ती खाताना बघून तोंड वाकडं करायला तू नसतोस."

"एक घास खा गं. या केकसाठी लोक रांगा लावतात."

"मग रांगेतल्याच कुणाला तरी दे."

धाकटा हसला. हसला की त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा जास्तच दिसे. कधीकाळच्या काविळीने त्याचे यकृत आतून वाळवीसारखे पोखरत नेले होते आणि आता दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा मिळाल्याखेरीज गत्यंतर नव्हते. घरात रक्तगट जुळला तो एकट्या ताईचा. मात्र पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ताईच्या यकृतावर चरबी फार होती. असे यकृत देता येत नाही. साखर, मैदा, तळण सगळे बंद करा, मग पुन्हा पाहू, असे त्यांनी सांगितले होते. ते 'पुन्हा' आता उद्यावर आले होते.

ताई आणि पथ्य, हे ऐकून घरादाराने हसून घेतले होते. तिचा नवरा म्हणाला होता, "सोमवारी सुरू करशील आणि मंगळवारी माझ्या ताटातलं उचलशील." पण मंगळवार आला आणि गेला. त्यानंतरचेही कित्येक मंगळवार गेले. ताईने जन्मभर लोकांचे कपडे बाजूने आवळून दिले होते. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिला स्वतःचे आवळावे लागले. टीप मारून झाली की ती दुकानाच्या आरशासमोर उभी राही, उजवीकडून पाही, डावीकडून पाही आणि कुणी आत आले तर आरसा पुसत असल्यासारखे करी.

आणि आता हे शहर. इथे प्रत्येक कोपऱ्यावर काही ना काही तळले जात होते आणि प्रत्येक काचेमागे मलईचे थर रचलेले होते. तपासणीच्या आधीचा आठवडा भावाकडे राहावे म्हणून ती आली, तर त्याने शहर दाखवायच्या निमित्ताने तिला जणू त्याच काचांची यात्रा घडवली. वीस वर्षे लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस तो. उंच इमारतींचे सगळे पहारेकरी त्याला ओळखत. एका इमारतीच्या गच्चीवर त्याने तिला नेले, खाली पसरलेली घरे दाखवली आणि ती वळून पाहते तो त्याच्या हातात आइस्क्रीमचा पेला. ताईने पेल्याला हात लावला नाही. आइस्क्रीम वितळेपर्यंत ती घरे पाहत राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकट्याची बायको, वहिनी, ताईसाठी भाज्या उकडत होती. झाकण उचलून तिने पाणी पाहिले आणि सहज बोलल्यासारखी बोलली.

"ताई, राग मानू नका. उद्या तपासणी आहे. रोज हे केक, पेस्ट्री... आज तरी नका मागवू."

"मी मागवते?"

"आमचे हेच म्हणाले मला. ताईला गोडाशिवाय राहवत नाही, तिचा हिरमोड नको."

ताईच्या हातातला चमचा थांबला.

"आणि स्वतः काय खातो?"

"खातात कुठे. बिनमिठाचं पण पोटभर खा, असं डॉक्टरांनी बजावलंय. ऑपरेशन सोसायला अंगात ताकद नको का? दोन घास चिवडतात आणि उठतात. मी म्हणते, खा, तर ते म्हणतात, कशाला ताकद? ताईचं काही जमणार नाही."

बाहेर दार वाजले. वहिनीचा चेहरा पालटला. आता ही नवऱ्याला फैलावर घेणार, हे ताईने ओळखले.

"तू काही बोलू नकोस," ती हलकेच म्हणाली. "मी बघते."

धाकटा आत आला तो दम लागलेला. हातातला केकचा खोका त्याने टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून थोडा वेळ उभा राहिला.

"ताई, आजचा शेवटचा. नाही म्हणायचं नाही."

ताईने खोका उघडला. "दिसायला तर झकास आहे," ती म्हणाली आणि सुरी मागितली. वहिनीने ती नाइलाजाने पुढे केली. ताईने चांगला जाड तुकडा कापला, बशीत घातला आणि बशी धाकट्यासमोर ठेवली.

"आधी तू."

"मला चालत नाही, माहितेय ना तुला."

"मग दोघांनाही चालत नाही. विषय मिटला." तिने खोका बंद केला.

धाकटा टेबलावरचा एक कण बोटाने चिरडत राहिला.

"तू नापास झालीस तरी मी तुला कधी बोल लावणार नाही, ताई."

"मी नापास व्हावं म्हणून तर एवढा खर्च चाललाय तुझा."

वहिनीने गॅस बंद केला. भांड्यातले पाणी उकळायचे थांबले.

"तुझी पोरं आहेत," शेवटी तो म्हणाला. "दुकान आहे. पोट कापून घ्यायचं म्हणजे चेष्टा नाही. तुला काही झालं तर भाऊजींना मी कोणतं तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायला आधी तू तरी जागेवर पाहिजेस."

"लहानपणी माझ्या वाटणीचंसुद्धा खायचीस."

"खायचे. म्हणून तर एवढी चरबी साठली. आता उतरवली, तर तूच आडवा येतोस."

त्याला हसू आले, पण ते फार टिकले नाही. "उद्या तू पास होशीलही. पण घ्यायचं की नाही, हे मी ठरवणार."

"ठरव," ताई म्हणाली आणि उकडलेल्या भाज्यांचे ताट पुढे ओढून जेवायला बसली. सगळे ताट संपवूनच ती उठली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पडद्यावरचे चित्र बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच."

"सांगतो मी सगळ्यांनाच," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडून नक्की घेता येईल."

ताईने मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नवऱ्याला फोन करायचा, पण काही सांगायचे नाही, आधी त्यालाच विचारू द्यायचे, असे तिने मनाशी ठरवून टाकले.

डॉक्टर धाकट्याकडे वळले. "तुमचा काय विचार?"

"सांगतो," धाकटा म्हणाला आणि त्याने जमिनीकडे पाहिले.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात ताईने खिडकीजवळची जागा धरली. धाकटा काउंटरकडे गेला. तिथे काचेच्या कपाटात पेस्ट्रीची ओळ लागलेली होती. ताईला फक्त त्याची पाठ दिसत होती. सदरा खांद्यांवरून ओघळला होता. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, वाढणाऱ्या बाईला काही विचारले, तिने मान हलवली, त्याने पुन्हा विचारले.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात दोन बश्या होत्या. दोन्हींत उकडलेल्या भाज्या आणि अंडी.

"ही बिनमिठाची," एक बशी आपल्याकडे ओढत तो म्हणाला. "बाई म्हणाली, रुग्णांसाठी वेगळी काढतात."

त्याने गाजराचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"कसं लागतंय?"

"कागद चावल्यासारखं."

"आठवड्याभरानं पुठ्ठ्यासारखं लागेल."

"आणि मग?"

"मग भूक लागायला लागते."

धाकट्याने मान डोलावली. त्याने अंडे फोडले, अर्धे खाल्ले, थोडा थांबला आणि उरलेलेही खाल्ले. ताईने आपली बशी तशीच ठेवली होती. पाठ ताठ करून ती बसली होती आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसे इकडे पाहत आहेत का, याचा अंदाज घेत होती. कुणी पाहत नव्हते. धाकट्याने बशीतला शेवटचा तुकडा संपवला, हाताने तोंड पुसले आणि काउंटरमागच्या बाईला खूण केली: अजून एक.