डब्याचं झाकण

टर्बो इंजिनात हवा कोंबतो आणि त्यातला थोडा दाब पिस्टनच्या कडेने खाली तेलापर्यंत उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून मी नीदियाच्या गाडीत इंजिनाच्या माथ्यावरून दोन जाड नळ्या काढल्या आणि तेल साठायच्या डब्यात सोडल्या.

गाडी आधी तिच्या नवऱ्याची, विल्फ्रेदोची होती. सालिनासच्या शर्यतीत दाब कोंडला, तेल उसळून मागच्या चाकाखाली गेलं आणि तो भिंतीवर आदळला.

"तपासनीसासमोर तुम्ही सगळेच या डब्याचं झाकण घट्ट लावता, कोंपाद्रे," घरच्या मित्राला म्हणतात तसं नीदिया मला म्हणाली. "तेल ठिबकताना दिसलं तर शर्यतीतून काढतात ना! पण शर्यत सुटायच्या आधी झाकण सैल करायचं असतं. आमचं येडं तेवढंच विसरलं. लग्नात अंगठीसुद्धा विसरला होता!"

ती हसली. मग म्हणाली, "सासरे अजून थडग्यावर जात नाहीत. स्वतःच्या हाताने मेला म्हणतात."

पुन्हा सांगतो, नीट सांगतो, तिला नाही, तुम्हाला. विल्फ्रेदो पट्टे बांधून आत बसला होता. झाकण सैल करायचं काम माझं होतं. मी कुणाशी तरी गप्पा मारत होतो.

"विसरभोळाच होता ना रे तो?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

मग ड्रिल घेऊन मी नव्या झाकणाला भोकं पाडत राहिलो.

"पुरे की! चाळणी करतोस का त्याची?"

मी आणखी एक पाडलं.