बाई पुन्हा सोडणारच

इस्पितळाच्या धुलाई विभागात ऑपरेशनच्या कपड्यांचा गठ्ठा कुणीही बांधो, बाई तो सोडणार, मोजणार आणि पुन्हा बांधणार, हे ठरलेलं होतं. बाई म्हणजे तिथल्या सुपरवायझर. सात वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यात एक झगा कमी निघाला आणि मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तेव्हापासून बाईंचा दुसऱ्याच्या हातावर काडीचा विश्वास राहिला नाही. रोज साठ गठ्ठे. डबा उघडायला चार वाजायचे.

त्या दिवशी मात्र तीनच्या आत त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं होतं. नवऱ्याचा एक डोळा कधीचाच गेलेला; दुसऱ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज पट्टी निघणार होती. ऑपरेशनच्या दिवशी बाई गठ्ठ्यांच्या नादात इतक्या उशिरा पोचल्या की त्याला आत नेलेलंही होतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "पट्टी निघताना तरी समोर राहा. दिसलं तर तू दिसशील. नाही दिसलं तर हात धरायला असशील."

एक वाजला तरी तीस गठ्ठे शिल्लक. बाईंनी एक सोडला. टॉवेल सहाऐवजी पाच. गठ्ठा शिडीने बांधलेला. ती उंच म्हणून तिला सगळे शिडी म्हणत. बाकी घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अगं, मोजता येत नाही का तुला?"

"येतं की," शिडी साधेपणाने म्हणाली. "पण तुम्ही पुन्हा सोडणारच ना? मग आम्ही कशाला जीव काढायचा?"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. सात वर्षं आपण चुका पकडतोय म्हणून मिरवत होत्या, आणि त्या चुका घडत होत्या त्यांच्याच कृपेने. स्वतःचाच असा राग त्यांना कधी आला नव्हता.

"आज मी एकही सोडणार नाही," त्या उठून म्हणाल्या. "यांची पट्टी निघायचीय, मी निघाले. शिडी, तू बांध. इस्त्रीवाले काका, तुम्ही मोजा. चिठ्ठीवर दोघांची नावं."

"आणि चुकलं तर?" काकांनी इस्त्री उभी करत विचारलं.

"डॉक्टरांसमोर मी उभी राहीन. पण मोजायचं तुम्ही."

बाई दारापर्यंत पोचल्या आणि राहवेना म्हणून वळल्या. शिडी आत्ताच बांधलेला गठ्ठा स्वतःहून सोडून पुन्हा मोजत होती.

बसमध्ये त्यांनी चारदा फोन काढला आणि चारदा पर्समध्ये कोंबला. पोचल्या तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. नवऱ्याने आवाजावरून ओळखलं आणि नुसताच हात पुढे केला.

पट्टी निघाली. त्याने डोळा मिचकावला, पुन्हा मिचकावला, पाणी पुसलं. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला.

"घे फोन," तो म्हणाला. "आणि अगं, तुझ्या केसांत गठ्ठ्याचा दोरा अडकलाय. पांढरा."

बाईंनी फोन कानाला लावला.

"बाई, साठ झाले," पलीकडून शिडी. "दोनदा मोजले. ते जाऊ द्या, साहेबांना दिसलं का?"

"दिसलं गं," बाई म्हणाल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. "दोरासुद्धा दिसला."