उत्तर देणारी बोंडं

काकूंच्या परसात इतकी माणसं दाटली होती, की भिंतीवर चढून बसलेल्यांचे पाय खालच्यांच्या खांद्यांना लागत होते. मधोमध रानतेरड्याची वीतभर रोपं, टिकलीएवढी गुलाबी फुलं. कोणी लावली नव्हती, आणि काकूंचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, वारले त्याच वर्षी उगवली होती.

परलोक शेजारच्याच गल्लीत असावा अशा थाटात, गेलेल्यांशी बोलणं करून देणारे महाराज बोलत. "घड्याळजी, आहात का?" असं विचारून त्यांनी एका बोंडाला नुसतं बोट टेकवलं. बोंड फट्‌कन फुटलं, दाणे उडाले. आहेत! रागावलेत का? दुसरं बोंड गप्प. नाहीत. माणसांनी हात जोडले.

काकूंना एवढंच हवं होतं. शेवटच्या दुपारी त्या कोणाचं तरी ब्लाउज पुरं करत मशीनवर बसल्या होत्या, आणि पलीकडच्या खोलीत ते एकटेच गेले. तेव्हापासून घरात मशीनचाच काय तो आवाज. हल्ली निदान संध्याकाळी माणसं येत. घड्याळजींच्या कामाच्या खोलीत महाराजांची गादी मांडावी, ही इच्छाही काल एका बोंडाने फुटून कळवली होती. आज त्या खोलीची किल्ली द्यायची होती.

तेवढ्यात नणंद पुढे झाली. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पण जीभ अजून नोकरीत. म्हणाली, प्रश्न मी विचारते. अश्रद्ध हातांना आत्मा उत्तर देत नाही, असं महाराज म्हणाले.

"हात वहिनीचे असतील," ती म्हणाली. "तिच्या श्रद्धेत काही खोट आहे का?"

महाराजांना नाही म्हणता येईना. तिने काकूंना एक टपोरं, पिवळट बोंड दाखवलं.

"दादा, तू जिवंत आहेस का?"

फट्.

भिंतीवर कोणीतरी खुदकन हसलं. मग एक कोवळं, हिरवं बोंड. "महाराज खरे आहेत का?" काकूंनी दोनदा चाचपलं. बोंड ढिम्म.

पिकलेल्या बोंडाची साल आतून ताणलेली असते, नणंदेने सांगितलं. धक्का लागला की ती गुंडाळली जाते आणि बी दूर फेकते. कोवळ्याला तो ताण नसतो. हो हवं की पिकलेलं निवडायचं, नाही हवं की कोवळं.

आत्मा दुखावला म्हणत महाराज सटकले. आम्हाला आधीच शंका होती, म्हणत गर्दीही पांगली. किल्ली काकूंच्या मुठीतच राहिली.

"पण वन्सं, ही यंदाच कशी आली?"

"दरवर्षी येतात, वहिनी. भिंतीपलीकडच्या माझ्या कुंड्यांतलं बी उडून इथे पडतं. तू उठायच्या आत दादा उपटून टाकायचा. माझ्याच कुंडीतून हे गवत आलं म्हणून माझ्यावर करवादायचा. यंदा उपटायला कोणी नव्हतं."

काकूंनी किल्ली कनवटीला लावली आणि रोपांना तांब्याभर पाणी घातलं.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, गेलेलं माणूस बोलत नाही. कोणी बोलतं करून दाखवत असेल, तर त्याचं बोट कुठे पडतंय ते आधी बघा. आणि संध्याकाळी काकूंकडे जात जा, महाराज नसले तरी.